रेस्टिक (बॅकअपचा प्रोग्राम) मागच्या आवृत्तीवर न्यायचं आहे: दुकानात विंडोज ७, बॅकअप नव्या डिस्कवर

जुळारी_बडोदे

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण तुकड्यातुकड्यांनी विचारला की तुम्हीच "अजून माहिती द्या" म्हणता, म्हणून सगळं एकदम लिहिते.

बडोद्यात रावपुऱ्यात आमचं लहानसं डीटीपीचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी खिळ्यांचा छापखाना होता, आता आम्ही फक्त जुळणी करतो आणि छपाई बाहेरून करून घेतो. लग्नपत्रिका मराठी-गुजराती दोन्ही, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, आणि माझ्या आवडीचं काम म्हणजे कुलवृत्तांत. बडोद्याच्या मराठी घराण्यांच्या शाखा पुणे, सातारा, ग्वाल्हेर, इंदूर अशा पांगलेल्या असतात, त्यामुळे एकेक कुलवृत्तांत वर्षानुवर्षं संपत नाही. मजकूर पक्का झाला म्हणेस्तोवर कुणाकडे तरी नातू होतो आणि पान परत उघडावं लागतं.

हे सगळं पेजमेकर ७ मध्ये आहे, म्हणजे २००१ सालच्या सॉफ्टवेअरमध्ये. फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं आणि तो डोंगल फक्त जुन्या मशीनलाच ओळखतो. म्हणून दुकानात विंडोज ७, ३२ बिट. इंटरनेट फक्त पीडीएफ पाठवण्यापुरतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, एरवी बंद. "मशीन बदला" हा सल्ला मला मिळालेला आहे, फुकट आणि भरपूर. कृपया तो सोडून बोला.

बॅकअपची गोष्ट अशी. २०२१ मध्ये भाच्याने त्या मशीनवर रेस्टिक ०.१२.१ घालून दिलं. मला कमांड लिहाव्या लागू नयेत म्हणून डेस्कटॉपवर दोन बॅट फाइली ठेवल्या, एक "घेणे", एक "परत आणणे". बाहेरची एक डिस्क जोडायची, "घेणे"वर दोनदा क्लिक करायचं, पासवर्ड टाकायचा आणि चहा घेऊन यायचं. कधी तक्रार नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला जो पूर आला तो बडोदेकरांना सांगायला नको. फतेगंज, समा, सयाजीगंज, अर्धं शहर पाण्यात होतं. आमचं दुकान वाचलं, पण मशीन आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर ठेवण्याची हौस फिटली. मग घरी विंडोज ११ चा लॅपटॉप आला, २ टीबीची नवी डिस्क आली. भाच्याने लॅपटॉपवर रेस्टिकची ताजी आवृत्ती घातली, नव्या डिस्कवर नवी रेपॉझिटरी (बॅकअपचा साठा) तयार केली आणि जुन्या डिस्कवरचे सगळे स्नॅपशॉट (त्या त्या वेळी घेतलेले बॅकअप) तिच्यात कॉपी केले. जुनी डिस्क पुढे कटकट आवाज करायला लागली, आता तिच्यावर भरवसा नाही. म्हणजे खरा बॅकअप तो नव्या डिस्कवरचाच.

गेल्या आठवड्यात एका कुलवृत्तांताचा वंशवृक्षाचा भाग दुकानातल्या मशीनवर उघडेना. म्हटलं, डिस्क नेऊ, परत आणू. तर ०.१२.१ सांगतं, "अनसपोर्टेड रेपॉझिटरी व्हर्जन". मग लॅपटॉपवरची ताजी रेस्टिक फाइल पेनड्राइव्हवर घालून दुकानात नेली, तर ती विंडोज ७ वर सुरूच होत नाही. काळी खिडकी उघडते, काहीतरी बडबडते आणि मिटते.

भाचा हल्ली परदेशात असतो, त्याच्या झोपेच्या वेळी माझं दुकान उघडं असतं. तर प्रश्न एवढाच: लॅपटॉपवरचं रेस्टिक काढून तिथेही ०.१२.१ घातलं, म्हणजे दोन्हीकडे एकच आवृत्ती झाली, तर ही डिस्क दुकानात वाचता येईल का? आणि असं मागे जाताना डिस्कवरचं काही पुसलं तर जाणार नाही ना? पासवर्ड माझ्याकडे आहे.


पेनड्राइव्हवाले

ताई, कशाला एवढा खटाटोप. लॅपटॉपवर फोल्डर परत आणा, पेनड्राइव्हवर घाला, दुकानात न्या. पाच मिनिटांचं काम.


जुळारी_बडोदे

तेच करून वंशवृक्ष परत मिळवला, गिऱ्हाईक वाट बघत होतं. पण लॅपटॉप मुलीच्या कॉलेजात जातो, दर वेळी तो कुठे आहे ते शोधत बसायचं का? शिवाय दुकानातल्या मशीनचा रोजचा बॅकअप याच डिस्कवर जायला हवा. सध्या तो कुठेच जात नाहीये, आणि मला त्यानेच झोप लागत नाही.


काळीखिडकी

ताई, लॅपटॉपवर ०.१२.१ घालू नका. डिस्कवरचं काही पुसलं जाणार नाही, ती भीती नको. पण आज एक मशीन डिस्क उघडू शकत नाही, तसं केलंत तर दोन्ही मशीन उघडू शकणार नाहीत.

इथे दोन आवृत्त्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या चालतात. एक प्रोग्रामची. ती बदलणं सगळ्यात सोपं, रेस्टिक म्हणजे एकच फाइल, जुनी काढली, नवी ठेवली, संपलं. दुसरी रेपॉझिटरीची, म्हणजे डिस्कवर माल कोणत्या रचनेत ठेवलाय त्याची. प्रोग्राम मागे नेला म्हणून डिस्कवरची रचना मागे जात नाही. पेजमेकर ७ मध्ये जतन केलेली फाइल ६.५ मध्ये उघडत नाही, मग मशीनवरून ७ काढून टाका नाहीतर ठेवा, फाइल तीच राहते.

रेस्टिकच्या रेपॉझिटरीच्या दोन रचना आहेत, १ आणि २. ०.१२.१ ला फक्त १ माहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये ०.१४.० आली तेव्हा रचना २ आली आणि तिच्याबरोबर कॉम्प्रेशन आलं. त्याआधी रेस्टिक डेटा दाबून ठेवतच नव्हतं, कित्येक वर्षं लोक मागत होते. आणि ०.१४.० पासून नवी रेपॉझिटरी तयार केली की ती आपोआप रचना २ मध्येच होते, कुणी वेगळं सांगितल्याशिवाय. तुमच्या भाच्याने नवी डिस्क केली तेव्हा हेच झालं. जुनी रेपॉझिटरी मात्र प्रोग्राम अद्ययावत केला म्हणून आपली आपण २ होत नाही, तिला मायग्रेट ही वेगळी कमांड द्यावी लागते. म्हणून तर जुनी डिस्क दोन्हीकडे चालत होती.

खात्री करायची तर लॅपटॉपवर कुठलीही कमांड द्या, उदाहरणार्थ "स्नॅपशॉट्स". पासवर्ड घेतल्यावर पहिल्याच ओळीत रेपॉझिटरी उघडली असं लिहून कंसात व्हर्जन दाखवतं. तिथे २ दिसेल.

आता दुसरी बाजू, ताजी फाइल विंडोज ७ वर का चालत नाही. रेस्टिक गो या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे. गो १.२० ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची, १.२१ पासून किमान विंडोज १० लागतं. गो १.२१ ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. त्यानंतरच्या गोने बांधलेला कुठलाही प्रोग्राम तुमच्या दुकानात उघडेल याचा भरवसा नाही, रेस्टिक असो नाहीतर दुसरं काही.

मग तुम्हाला हवी अशी आवृत्ती, जिला रचना २ कळते, म्हणजे ०.१४.० किंवा पुढची, आणि जी ऑगस्ट २०२३ च्या आधी बाहेर पडलेली आहे. अशी खिडकी आहे, जवळजवळ वर्षभराची. तिच्यातली ०.१५.२ घ्या, एप्रिल २०२३ ची. तेव्हा गो १.२१ जन्मालाच आलेलं नव्हतं, त्यामुळे ती त्याने बांधलेली असूच शकत नाही. म्हणजे लॅपटॉप मागे न्यायचा नाही, दुकान थोडं पुढे आणायचं.

कसं करायचं:

लॅपटॉपवरून गिटहबवर (रेस्टिक जिथून मिळतं ती साइट) रेस्टिकच्या रिलीझच्या पानावर जा, ०.१५.२ शोधा, नावात "विंडोज_३८६" असलेली झिप उतरवा. तुमचं मशीन ३२ बिट आहे म्हणून ३८६. शेजारी "एएमडी६४" नावाची असते ती ६४ बिटसाठी. (ते नाव वाचून "आमचा तर इंटेल आहे" म्हणत थांबणारे लोक मी पाहिलेत.) कुठल्या तरी "जुनी सॉफ्टवेअर मोफत" छापाच्या साइटवरून मात्र उतरवू नका. ज्या प्रोग्रामला तुम्ही सगळ्या कामाचा पासवर्ड देणार, तो कुठून आला हे माहीत हवं.

त्याच पानावर शा-२५६ बेरजांची (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडायच्या खुणांची) एक फाइल असते. लॅपटॉपवर सर्टयुटिल या विंडोजच्याच कमांडने झिपची बेरीज काढा आणि जुळवून बघा. सगळी अक्षरं जुळवायला हवीत, पहिली चार बघून सोडू नका. तुम्ही मुद्रितं तपासता, तुम्हाला हे जमेल.

दुकानात ०.१२.१ वर ती फाइल चढवू नका. वेगळं फोल्डर करा, तिथे ठेवा. मग "स्नॅपशॉट्स" कमांड द्या, पण तिच्यासोबत "नो-लॉक" पर्याय लावा, म्हणजे ती डिस्कवर कुलपाची फाइलसुद्धा लिहिणार नाही, फक्त वाचेल. यादी आली की एक लहान फोल्डर तिसऱ्याच जागी परत आणा, मूळ जागेवर नाही, आणि ते पेजमेकरमध्ये उघडून बघा. फाइल परत आली म्हणजे बॅकअप चांगला असं मी तरी धरत नाही. पान उघडलं पाहिजे, जोडाक्षरं जागेवर दिसली पाहिजेत.

एक राहिलं. रचना १ हवीच असेल तर तोही रस्ता आहे. लॅपटॉपवरच्या ताज्या रेस्टिकने तिसऱ्या डिस्कवर रचना १ सांगून नवी रेपॉझिटरी करायची, करताना आत्ताच्या रेपॉझिटरीचे तुकडे पाडण्याचे आकडे तिला द्यायचे, आणि "कॉपी" कमांडने सगळे स्नॅपशॉट तिकडे न्यायचे. मग ०.१२.१ ते वाचेल. पण कॉम्प्रेशन जाणार. स्कॅन केलेल्या टिफ फायली तुमच्याकडे असणारच, त्या चांगल्या फुगतील. मला यात काही शहाणपणा दिसत नाही.


अर्धवटराव_२

एवढं कशाला? रेपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये "कॉन्फिग" नावाची छोटी फाइल असते. नोटपॅडने उघडा, व्हर्जन २ चं १ करा. मी एका दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असंच केलेलं, चाललं.


काळीखिडकी

ताई, हे करू नका. ती फाइल एन्क्रिप्ट केलेली असते, नोटपॅडमध्ये कचरा दिसेल. नोटपॅडने तो कचरा जतन केला की फाइल खराब, आणि ती फाइल खराब म्हणजे कुठलीही आवृत्ती ती रेपॉझिटरी उघडणार नाही. आणि समजा आकडा बदलता आला, तरी आतला माल झेड-स्टँडर्ड पद्धतीने दाबलेला आहे. ०.१२.१ ला तो उलगडता येतच नाही, पाटी बदलून काय होणार.

अर्धवटराव, "दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चाललं" हा सल्ला बॅकअपच्या धाग्यावर तरी देऊ नका हो.


पाटनीपुरा_हिशेब

मी इंदूरचा, आमच्याकडे हिशेबांच्या कामाचा बॅकअप डुप्लिकाटी या दुसऱ्या बॅकअप प्रोग्रामवर जातो. धागा रेस्टिकचा आहे, पण शीर्षक वाचून इथे डुप्लिकाटीवालेही येतील, म्हणून लिहून ठेवतो. तिथे मागे जाण्याची भानगड निराळी आहे.

डुप्लिकाटीचा बराचसा हिशेब मशीनवरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतो. एक सर्व्हरचा, ज्यात तुमची सेटिंग्ज, आणि प्रत्येक बॅकअपचा एक वेगळा. प्रोग्राम वाढवला की हे डेटाबेस नव्या रचनेत बदलले जातात. मग जुना प्रोग्राम परत घातला तर तो सरळ सांगतो की डेटाबेसची आवृत्ती अमुक आहे आणि मला तमुकपर्यंतच कळते, बहुधा तुम्ही पुढे जाऊन मागे आलात, आधीच्या डेटाबेसची प्रत या फोल्डरमध्ये असेल, बघा. आणि ती खरंच असते, बदल करण्याआधी तो प्रत काढून ठेवतो.

आता लोक काय करतात, ती जुनी प्रत जागेवर ठेवतात, प्रोग्राम सुरू होतो, खूश होतात आणि "रिपेअर" दाबतात. हे मात्र करायचं नाही. जुन्या प्रतीला मधल्या काळात घेतलेल्या बॅकअपचा पत्ताच नाही. तिच्या हिशेबी साठ्यावरच्या त्या नव्या फायली उपऱ्या, आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्या उडवल्या जाऊ शकतात. त्यापेक्षा बॅकअपचा स्थानिक डेटाबेस साठ्यावरून नव्याने बांधून घ्यायचा. साठ्यावरच्या डीलिस्ट, डीइंडेक्स आणि डीब्लॉक नावाच्या फायलींवरून तो परत उभा राहतो. वेळ लागतो, साठा मोठा आणि नेट हळू असेल तर बराच. पण त्यात काही हरवत नाही.

आणि मागे जाण्याआधी प्रत्येक बॅकअपचं कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करून फाइल बाजूला ठेवायची. सर्व्हरचा डेटाबेस हातचा गेला तरी तिच्यावरून सगळं परत मांडता येतं. पासफ्रेज (बॅकअपचा पासवर्ड) वेगळी लिहून ठेवायची, तिच्याशिवाय काहीच उपयोग नाही.

बाकी ताई, कुलवृत्तांताचं वाचून बरं वाटलं. आमच्या शाखेची नोंद आमच्या कुलवृत्तांतात आजोबांपाशीच थांबलेली आहे.


जुळारी_बडोदे

पाटनीपुरा, नोंदी पाठवा, पुरवणी निघतेच आहे कुणाची ना कुणाची. तुमचं आडनाव इथे विचारत नाही.

काळीखिडकी, तुम्ही सांगितलं तसं केलं. बेरीज जुळवली, मुलीने वाचली आणि मी बघितली, मुद्रितवाचनाच्या जुन्या पद्धतीने. दुकानात वेगळं फोल्डर केलं. ०.१५.२ विंडोज ७ वर उघडलं! "स्नॅपशॉट्स" दिलं, नो-लॉक लावून. सगळी यादी आली, २०२१ पासूनची. माझ्या मशीनचं नाव प्रत्येक ओळीत दिसलं तेव्हा जिवात जीव आला.

पण "परत आणणे" चालत नाही. लॅपटॉपवरची भाच्याची बॅट फाइल इथे आणली होती. ती आधी स्नॅपशॉटचा क्रमांक विचारते, मग फोल्डर विचारते, आणि दोन्ही मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके घालून जोडते. लॅपटॉपवर हे बिनबोभाट चालतं. दुकानात ०.१५.२ म्हणतं की असा स्नॅपशॉटच नाही. क्रमांक तोच आहे, यादीत समोर दिसतोय. डिस्क बिघडली असेल का?


काळीखिडकी

नाही, डिस्क ठीक आहे. यादी आली म्हणजे पासवर्ड, किल्ली, सूची सगळं वाचलं गेलं. तो ठिपक्यांचा प्रकार मी विसरूनच गेलो होतो, मी स्वतः तो वापरत नाही. क्रमांकानंतर दोन ठिपके घालून त्यापुढे फोल्डर द्यायचं, हे ०.१५ ला माहीत नाही, ती संपूर्ण ओळ म्हणजे क्रमांक असं ते समजतं. बॅट फाइल बदला. क्रमांक नुसता द्या आणि फोल्डर "इन्क्लूड" पर्यायाने वेगळं द्या. मार्ग स्नॅपशॉटमध्ये दिसतो तसा, म्हणजे तिरकी रेघ, मग ड्राइव्हचं अक्षर, अपूर्णविराम न घालता, मग पुन्हा तिरकी रेघ, असा लिहायचा.


हॅशबुवा

बॅट फाइल बदलायची गरज नाही. ०.१५.२ च्या जागी ०.१६.० घाला. दोन ठिपक्यांची सोय ०.१६.० मध्येच आली. आणि ०.१६.० जुलै २०२३ च्या अखेरीस बाहेर पडली, गो १.२१ त्यानंतरच्या आठवड्यात. थोडक्यात वाचली. काळीखिडकी यांचाच नियम लावला तरी ती खिडकीत बसते.

पण "०.१६ चालतंय ना, मग त्यातली शेवटची घेऊ" असं करू नका. पुढच्या ०.१६.१, .२ वगैरे ऑगस्ट २०२३ नंतरच्या आहेत, त्या विंडोज ७ वर उघडतील याची हमी तारखेवरून देता येत नाही. आणि ०.१६.३ तर कुणीच, कुठल्याच मशीनवर ठेवू नये. कॉम्प्रेशन "मॅक्स" लावलेलं असेल तर क्वचित डेटा बिघडायचा, झेड-स्टँडर्डच्या लायब्ररीतल्या दोषामुळे. ०.१६.४ मध्ये रेस्टिकवाल्यांनी काय केलं, तर ती लायब्ररी मागच्या आवृत्तीवर नेली. या धाग्याच्या विषयाला शोभेलसं.

तुमच्या लॅपटॉपवर आत्ता कुठली आहे ते "व्हर्जन" कमांडने बघून ठेवा. डिस्क केली तेव्हा ०.१६.४ किंवा पुढची असेल तर हा प्रश्न तुम्हाला लागूच नाही.


काळीखिडकी

हॅशबुवांचं बरोबर आहे. ०.१६.० घ्या. मी ०.१५.२ सुचवली कारण तारखेत ऐसपैस अंतर होतं, पण अंतर आठवड्याचं असो की महिन्यांचं, आधी ते आधीच.

दोन्ही मशीन एकाच डिस्कवर लिहिणार आहेत, तर अजून थोडं. दुकानातल्या मशीनला फक्त "बॅकअप" आणि "रिस्टोअर" करू द्या. जुने स्नॅपशॉट काढणं आणि जागा मोकळी करणं, म्हणजे "फरगेट" आणि "प्रून", लॅपटॉपवरच. ३२ बिट मशीनला मेमरी कमी मिळते, आणि प्रून हेच सगळ्यात खादाड काम. शिवाय दर महिन्याला लॅपटॉपवर "चेक" चालवा, अधूनमधून त्यातला "रीड-डेटा-सबसेट" पर्याय लावून. नुसतं चेक सूची आणि रचना तपासतं, साठवलेला माल वाचून बघत नाही.

नव्या आवृत्त्या विंडोजच्या फायलींच्या परवानग्याही (कोणती फाइल कोणी उघडायची ते) साठवतात, त्या ०.१६.० परत आणणार नाही. पेजमेकरच्या फायलींना त्याचं काही देणंघेणं नाही, पण उद्या कुणी लॅपटॉपची अख्खी माहिती दुकानातल्या मशीनवरून परत आणायला बसलं तर लक्षात असू दे.


अर्धवटराव_२

पण विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला. असं मशीन बॅकअपच्या डिस्कला जोडणंच धोक्याचं. व्हायरस आला तर डिस्कही जाईल.


जुळारी_बडोदे

अर्धवटराव, या वेळी तुमचं पटतं. म्हणूनच आता दोन डिस्का होणार. एक दुकानात जोडायची, दुसरी घरीच राहील, ती फक्त लॅपटॉपला लागेल आणि लॅपटॉप एकीवरून दुसरीवर कॉपी करेल. दुसरी डिस्क मंगळवारी घेते, सोमवारी श्राद्धाचा स्वयंपाक आहे.

०.१६.० घातलं. "परत आणणे" भाच्याच्या बॅट फाइलने, काही न बदलता चाललं. एक आख्खा कुलवृत्तांत वेगळ्या फोल्डरमध्ये आणला आणि पेजमेकरमध्ये उघडला. वंशवृक्षाची आडवी पानं, तळटिपा, परिशिष्टातली देवकं आणि कुलदैवतं, सगळं जागेवर. रफार नीट. "द्ध" आणि "द्व" मी मुद्दाम शोधून बघितले, फॉन्ट गडबडला की पहिल्यांदा तेच मोडतात.

मग "घेणे" चालवलं. ०.१६.० ने नव्या डिस्कवर पहिला स्नॅपशॉट लिहिला. संध्याकाळी घरी लॅपटॉपला डिस्क लावली, तर लॅपटॉपवरच्या ताज्या रेस्टिकलाही तो दिसतो आणि उघडतो. लॅपटॉपवरची आवृत्तीही बघितली, ०.१६.४ च्या पुढची आहे.

आता ०.१२.१ चं फोल्डर काढून टाकू का?


हॅशबुवा

कटकट करणारी जुनी डिस्क वाचायला ०.१६.० ही चालते, रचना १ तिला येतेच. तेव्हा ०.१२.१ ची गरज नाही, काढा.

त्याआधी एक बघा. भाच्याची बॅट फाइल लॅपटॉपसाठी लिहिलेली आहे ना? नोटपॅडमध्ये उघडा आणि वरच्या ओळींत "सेल्फ-अपडेट" कुठे आहे का ते शोधा. बरेच लोक बॅकअपच्या आधी ती ओळ घालतात. ती कमांड नेहमी सगळ्यात ताज्या आवृत्तीवर नेते, मागची मागता येत नाही. दुकानात हॉटस्पॉट चालू असताना ती चालली तर ०.१६.० च्या जागी अशी फाइल येऊन बसेल जी विंडोज ७ वर उघडत नाही.


जुळारी_बडोदे

आहे. दुसऱ्याच ओळीत. "घेणे" चालवलं तेव्हा नेट बंद होतं, म्हणून ती नुसती कुरकुरून पुढे गेली असणार. वर काहीतरी लाल आलं होतं खरं.

दुकानातल्या दोन्ही बॅट फायलींतून ओळ काढली, लॅपटॉपवर राहू दिली. ०.१६.० ची झिप आणि बेरजेची फाइल दोन्ही डिस्कांवर रेपॉझिटरीच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणार आहे, म्हणजे पुढे कुणाला गिटहब शोधत बसायला नको. भाच्याला धाग्याचा दुवा पाठवलाय. उत्तर आलं, "मामी, ०.१६.० मला का नाही सुचलं." झोपेतून उठून लिहिलं असावं.

पाटनीपुरा, नोंदी पाठवताना जन्मसाल इसवी सनातच द्या, शके देऊ नका. मागच्या पुरवणीत दोन्ही मिसळून आले होते आणि एक गृहस्थ वडिलांच्या आधी जन्मले.